फ्लॅटमधून शॉर्टवेव्ह : दहा महिन्यांच्या वापरानंतर

शॉर्टवेव्हसाठी पहिला सेट कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्या घरात खरखर किती आहे? फ्लॅटमधून हॅम रेडिओ, म्हणजे छंद म्हणून परवान्याने रेडिओवरून दुसऱ्यांशी बोलणं, करायला लागून मला दहा महिने झाले. परवाना हातात आल्यावर पहिले तीन आठवडे मी एकाच प्रश्नात अडकले होते, प्रसारणाची शक्ती शंभर वॅटची असलेला सेट घ्यावा की वीस वॅटचा. आज तो प्रश्न मी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर टाकेन.

हिशोब सोपा आहे. शंभर वॅटवरून वीस वॅटवर आलं की सिग्नल ७ डेसिबलने घटतो. सेटवरच्या एस-मीटरवर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलचा जोर एस-१ ते एस-९ असा दाखवणाऱ्या मीटरवर, एक टप्पा ६ डेसिबलचा मानतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एका टप्प्याचा फरक. आणि माझ्या घरात पहिल्या दिवशी नुसती खरखर एस-७ ला होती. एस-५ ने येणारा माणूस कितीही स्पष्ट बोलत असला तरी मला तो ऐकूच येणार नव्हता. आपलं ऐकणारे आहेत, पण आपल्याला कुणी ऐकू येत नाही, ही फ्लॅटमधल्या हॅमची खरी अडचण. तिच्यावर जास्त वॅटचा काहीच उपाय चालत नाही.

शेवटी मी शिएगू जी-९० घेतला. वीस वॅट आणि आतच ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर, म्हणजे सेट आणि अँटेना यांचा मेळ आपोआप जुळवणारा भाग. बाल्कनीत रोज अँटेना बदलून बघणाऱ्याला हा ट्यूनर फार उपयोगी पडतो. डिजिटल मोडसाठी (संगणकाने पाठवायच्या-वाचायच्या संदेशांसाठी) लॅपटॉप जोडायला बाहेरून साउंड कार्ड लागतं, तेवढं खरेदीच्या वेळीच धरून चला. आयकॉम आयसी-७३००चाही विचार केला होता. त्याचा पडदा आणि वॉटरफॉल (सिग्नल रंगीत रेघांनी दाखवणारं सरकतं चित्र) फारच सुंदर आहेत, पण बाल्कनीतल्या छोट्या अँटेनावर शंभर वॅट सोडायची माझी तयारी नव्हती. शेजारच्या घराची भिंत तिथून दोन हातांवर आहे.

सगळ्यात जास्त फायदा मला एका रात्रीच्या कामाने झाला. रेडिओ बॅटरीवर लावला, १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २० मीटर बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) ठेवला आणि घराचा मेन स्विच बंद केला. मीटर एस-७ वरून थेट एस-२ वर आला. अंधारात ऐकलेली ती शांतता मी विसरणार नाही. बँडच्या तळाशी दोन स्टेशनं मोर्समध्ये बोलत होती, ती आधीही तिथेच असणार. मग एकेक एमसीबी वर करत गेले आणि खरखरीची तीन उगमं सापडली. बैठकीच्या खोलीतल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर आणि ज्याच्यावर संशयच आला नव्हता तो रेडिओसाठी मुद्दाम आणलेला स्विचिंग पॉवर सप्लाय. तो लावला की वॉटरफॉलवर ठराविक अंतराने उभ्या रेघा दिसायच्या. सप्लाय कपाटात गेला. तेव्हापासून रेडिओ लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर चालतो, आणि ही बॅटरी मी कुणालाही पहिल्या दिवसापासून घ्यायला सांगेन.

दुसरा उपाय फेराइटचा, म्हणजे लोहचुंबकीय रिंगचा. ३१ नंबरच्या मिश्रणाच्या मोठ्या रिंगवर बारीक कोॲक्सचे (सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलचे) दहा-बारा वेढे घालायचे आणि हा चोक अँटेनाजवळ बसवायचा. कोॲक्सची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होऊन घरातला सगळा कचरा रेडिओपर्यंत आणते. चोक ती वाट अडवतो. शिवाय प्रसारण करताना माझा लॅपटॉप अधूनमधून गोठायचा, तेही थांबलं.

आता अँटेना. दोन वापरल्या. पहिली, टोकाकडून फीड केलेली (एका टोकाला केबल जोडलेली) दहा मीटरची तार, तिचा केबलशी मेळ घालणाऱ्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरसह. ती २० मीटर आणि १० मीटर बँडवर चालते. फायबरग्लासच्या काठीवरून ती बाहेर तिरकी सोडते, काम झालं की गुंडाळून आत. आभाळ गडगडायला लागलं की तार बाहेर ठेवायची नाही, हा माझा नियम आहे. दुसरी, तांब्याच्या नळीची एक मीटर व्यासाची मॅग्नेटिक लूप, खाली स्टँड आणि लूपला हव्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा व्हेरिएबल कपॅसिटर.

लूप ट्यून करायला हात बसावा लागतो. कपॅसिटरचा दांडा सावकाश फिरवत नेला की एका जागी खरखर एकदम फुगते आणि लगेच ओसरते. तीच जागा. तिथून केसभर पुढे-मागे करत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) खाली आणायचा. बँडमध्ये थोडंसं सरकलं की पुन्हा तेच. वीस वॅटलाही त्या कपॅसिटरवर हजाराच्या वर व्होल्ट चढतात, म्हणून लांब प्लास्टिकचा दांडा लावून घेतला आहे. प्रसारण चालू असताना बाल्कनीत कुणी थांबत नाही आणि मीही लूपपासून लांब, आतल्या टेबलाशी बसते.

एवढा त्रास घेण्याचं कारण आमची लिफ्ट. ती हलली की तारेवर दहा-पंधरा सेकंद कर्कश आवाज येतो आणि काही ऐकू येत नाही. लूप फिरवून तिचं तोंड (कड्याची मोकळी बाजू) लिफ्टच्या दिशेला केलं की तोच आवाज जवळजवळ बुडतो, कारण लूपला त्या दिशेने सगळ्यात कमी ऐकू येतं.

तार चांगली की लूप, हे मी १४.१०० मेगाहर्ट्झवर तपासलं. तिथे जगभरातले १८ बीकन, म्हणजे आपोआप ठराविक सिग्नल पाठवणारी स्टेशनं, आळीपाळीने दहा-दहा सेकंद येतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक बीकन आपली कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) मोर्समध्ये देतो, मग चार लांब टोले. पहिला टोला १०० वॅटचा, पुढचे १० वॅट, १ वॅट आणि ०.१ वॅटचे. एका संध्याकाळी तारेवर एक बीकन दुसऱ्या टोल्यापर्यंत ऐकू आला. लूपवर बदललं, पुढच्या फेरीत त्याचाच तिसरा टोलाही आला. सिग्नल कमजोर होता, पण खरखर त्याहून जास्त उतरली होती. अँटेना तोलायला यापेक्षा प्रामाणिक काटा मला मिळालेला नाही.

माझे निम्म्याहून जास्त संपर्क एफटी-८ या डिजिटल मोडवर झाले. २०१७ साली आलेला हा मोड फक्त ५० हर्ट्झ जागा घेतो, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत चालतो आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल उलगडतो. तो बनवणाऱ्यांपैकी जोसेफ टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आहे, तेही हॅम आहेत. फ्लॅटमधल्या माणसाला या मोडने दार उघडून दिलं, असं मी मनापासून म्हणते. पण आवाजातल्या गप्पांचा आनंद वेगळाच. एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) वीस वॅटने हाक घालत बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या सीक्यूला (‘कुणी आहे का’ या हाकेला) उत्तर दिलं की काम होतं, हे मला चौथ्या महिन्यात उमगलं.

उणीव ४० मीटर बँडची. एवढ्या लहान लूपची कार्यक्षमता २० मीटरवर निम्म्याच्या पुढे असते, ४० मीटरवर मात्र दहा टक्क्यांच्या आसपास येते. वीसपैकी जेमतेम दोन वॅट बाहेर पडतात. सध्या हे खटकत नाही, कारण सौरचक्राचा (सूर्यावरच्या डागांच्या चढ-उताराचा) कळस २०२४ मध्ये येऊन गेला आणि त्यामुळे १० आणि १५ मीटरसारखे वरचे बँड अजून चांगले चालतात. पण चक्र अकरा वर्षांच्या आसपासचं आहे. पुढच्या काही वर्षांत १० आणि १५ मीटर मंदावतील आणि रात्री ४० मीटरवरच यावं लागेल. त्यासाठी गच्चीवर वीस मीटर बारीक तार लावू द्या, असं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाला दिलं आहे. सोबत तारेची जाडी, उंची आणि माझ्या परवान्याची प्रत जोडली आहे. उत्तर यायचं आहे.