रॅपियर माग बसवताना कामगारांना सांगायचे कसे : मालकाची सभा की जॉबरमार्फत निरोप?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखानदार शटलचे, म्हणजे धोट्याचे, जुने यंत्रमाग काढून धोट्याशिवाय चालणारे रॅपियर माग बसवायचे ठरवतो, तेव्हा कर्जाचे हप्ते आणि सुताचे भाव यांचा हिशेब तो कितीतरी आधीपासून मांडत असतो. कामगारांना हे कोणी, केव्हा आणि कसे सांगायचे, याचा विचार मात्र बहुधा यंत्रे दारात उतरल्यावरच सुरू होतो. त्याच्यापुढे वाटा दोन असतात : सर्वांना एकत्र बोलावून स्वतः सांगणे, किंवा जॉबरमार्फत, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मुख्य कारागिरामार्फत, खात्याखात्यात निरोप पोहोचवणे.

सभेत सर्वांच्या कानी एकच मजकूर पडतो आणि मालक आपल्या शब्दाला बांधला जातो, हा तिचा मोठा गुण होय. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसल्याने ती पाळी बदलताना आवारात घ्यावी लागते. प्रश्न विचारणारे तेथे दोघे-तिघेच निघतात आणि उरलेल्या शंका चहाच्या टपरीवर फुटतात. शिवाय शहराच्या पूर्व भागातील अनेक विणकर घरी तेलुगू बोलतात. त्यांना मराठी चांगली समजते, परंतु मजुरीविषयीची शंका भर सभेत मराठीतून मांडायला ते कचरतात.

जॉबर ही अडचण सहज दूर करतो, कारण तो त्यांच्यातलाच असतो. तरीही मला येथेच अधिक धोका दिसतो. शटलच्या मागातला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखून दुरुस्त करण्याचे त्याचे कसब रॅपियरवर पूर्वीइतके कामी येत नाही, त्यामुळे निरोपात त्याची स्वतःची धास्ती नकळत मिसळते. दुसरे असे की त्याचा वावर मागांपाशी असतो. रॅपियर बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, सुताच्या मोठ्या कोनवरून थेट ओढतो, त्यामुळे शटलमध्ये बसणारी सुताची कांडी उरतच नाही. म्हणजे पहिली गदा येते ती कांडी भरणाऱ्या बायकांवर, आणि त्यांच्यापर्यंत हा निरोप नेमका पोहोचत नाही.

मजुरी किंवा पाळी बदलणार असेल, तर लेखी नोटीस वेगळी द्यावी लागते. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 च्या कलम 9अ मध्ये 21 दिवसांची मुदत होती, आणि औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्येही ती तेवढीच आहे. फलकावर कागद चिकटवून सांगण्याची जबाबदारी संपली, असे मात्र कोणी समजू नये.

सभा की जॉबर, ही निवड करताना पाहायचे ते एवढेच की मजुरीचा दर ठरला आहे का. कामगाराला जाणून घ्यायचे असते ते एका माणसाकडे किती माग येणार आणि आठवड्याला हातात किती पडणार. ही उत्तरे तयार असतील तर सभा निःसंशय सरस, कारण आकडा सर्वांना एकदम कळलेला बरा. दर अजून ठरायचा असेल तर सभा घेऊ नये. मोघम भाषणातून प्रत्येक जण आपापला वाईट अर्थ काढतो. अशा वेळी पाच-सहा जणांच्या गटांत बोलावे, तेलुगूसाठी जॉबर सोबत घ्यावा, पण बोलणारा मालकच असावा, आणि पहिला गट कांडी खात्याचा असावा. त्यांना टॉवेल शिवणीच्या किंवा पॅकिंगच्या कामावर घेणार असल्यास तेथील दरही त्याच बैठकीत सांगावा. दिवाळीच्या बोनसची बोलणी चालू असताना मात्र हा विषय काढू नये, कारण तेव्हा नव्या मागांविषयी काहीही सांगितले तरी ते बोनस कापण्याची तयारी म्हणूनच ऐकले जाते.