तिएन शान की पामीर? रात्री पाठ कुठे टेकणार, ते आधी ठरवा

मध्य आशियातल्या या दोन पर्वतरांगांपैकी कुठे फिरायला जायचं, याची निवड शिखरांच्या आकड्यांवरून करू नका. तिएन शानचं जेंगिश चोकुसू ७,४३९ मीटर, पामीरचं इस्मोइल सोमोनी ७,४९५. आणि आपण दोन्हींच्या पायथ्यालाच फिरणार. खरा फरक मुक्कामाच्या उंचीचा आहे.

किर्गिझस्तानात तिएन शान पायरीपायरीनं वर नेतो. इस्सिक-कुल सरोवर १,६०७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम ३९ मीटर खाली. पाणी किंचित खारट, हिवाळ्यातही न गोठणारं. पुढे काराकोल शहर, अल्तिन-अराशानचे गरम झरे आणि मग सुमारे ३,९०० मीटरची अला-कुल खिंड. डोकं ठणकायला लागलं तर दिवसभरात खाली उतरता येतं. डोंगराची उत्तरेची बाजू स्प्रूसच्या झाडांनी काळीशार, दक्षिणेची मात्र नुसती गवताळ.

पामीरमध्ये ही सोय नाही. ताजिकिस्तानातला एम-४१ रस्ता, म्हणजेच पामीर हायवे, अक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटरवर पोचतो आणि उतरूनही मुर्गाब गाव लेहपेक्षा उंचच. पूर्व पामीरची खोरीच तेवढी उंच आणि सपाट आहेत. ‘पामीर’ हा शब्दही अशाच खोऱ्यांसाठी वापरतात. पश्चिमेकडून येणारं बाष्प त्याच बाजूच्या रांगा अडवून धरतात. ७७ किलोमीटरची फेदचेंको हिमनदी तिकडच्याच बर्फावर पोसली आहे. पलीकडे मुर्गाबला वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस नाही. सह्याद्रीमुळे माणदेशाची जी गत होते, तीच इथे, फक्त साडेतीन हजार मीटरच्या वर. झाडं नाहीत, म्हणून तेरेस्केन नावाचं बुटकं झुडूप मुळासकट उपटून चुलीत घालतात. ते फार सावकाश वाढतं. त्यामुळे घराशेजारची जमीन आधी उघडी पडते आणि सरपणासाठी दर वर्षी आणखी लांब जावं लागतं.

पश्चिम पामीर वेगळा: खोल दऱ्या, खोरोग शहर, आणि प्यांज नदीपल्याड अफगाणिस्तान.

पहिलीच खेप, हाताशी दहा दिवस, सोबत आई-बाबा असतील तर तिएन शानच. लडाखमध्ये विरळ हवा अंगाला मानवली असेल आणि दोन आठवडे मोकळे असतील तर मी पामीरच सुचवेन. इतकी उघडी, निर्मनुष्य उंची तिएन शानच्या हिरव्या बाजूला भेटत नाही. ताजिकिस्तानातला पामीर ज्या प्रांतात येतो, त्या बदख्शानचा वेगळा परवाना काढावा लागतो. किर्गिझस्तानातल्या ओश शहराकडून जाणार असाल तर सीमा खुली आहे ना, ते आधी पाहा आणि वाटेतल्या ३,१७० मीटरवरच्या सारी-ताश गावात एक रात्र काढूनच पुढे निघा.