तळपायांची आग: ॲमिट्रिप्टिलिन की प्रीगॅबालिन?

सांगली-मिरजेत मधुमेहाने तळपाय जळणाऱ्यांच्या चिठ्ठीवर ही दोन नावं नेहमी दिसतात. ॲमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्यावरचं जुनं औषध. तिथे डोस सहसा ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त, नसांच्या दुखण्याला मात्र रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात. त्यामुळे ‘मला डोक्याची गोळी का दिली?’ म्हणून घाबरून ती बंद करू नका. स्वस्त आहे, झोपही लागते. पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. काचबिंदू, अडणारी लघवी किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. सत्तरीच्या आजोबांना ही गोळी सुरू करताना मला काळजीच वाटते.

प्रीगॅबालिनचा त्रास वेगळा: चक्कर, पायांना सूज, वजनवाढ. मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो. पहाटे मोटारसायकलवरून हळदीच्या बाजारात जाणाऱ्याला चक्कर परवडत नाही.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दोन्हींनी वेदना जवळपास सारख्याच कमी केल्या. म्हणून निवड दुष्परिणाम पाहून करावी. दोन्हींपैकी कोणतीही गोळी अचानक थांबवू नये. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर आधी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या; ते कमी पडल्यानेही पाय जळू शकतात.