पहिली कुऱ्हाड घडवायला जुना बॉलपीन हातोडा: घ्यावा का?

कुऱ्हाडीत खरी परीक्षा पात्यापेक्षा दांड्याच्या भोकाची. भरीव पोलादात सुंबा मारून भोक पाडताना नवशिक्याचा हात तिरका जातो, एका बाजूची भिंत पातळ होते आणि दांडा बसवल्यावर पातं भलतीकडेच बघतं. बॉलपीन हातोड्यात (एका बाजूला गोळा, दुसऱ्या बाजूला सपाट तोंड असलेल्या) हे भोक मधोमध, लंबगोल, आयतं मिळतं. पैसे मोजायचे ते त्यासाठी.

वजन ८०० ग्रॅम ते १ किलो हवं. ५०० ग्रॅमच्या हातोड्यातून निघतं ते जवळजवळ खेळणंच. नवा कशाला? पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या दांड्याचा शोधा, दांडा तसाही काढून टाकायचाच आहे. फक्त बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल गळ्यात पडू देऊ नका. ग्राइंडरवर पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर पांढऱ्या आणि टोकाला फुटणाऱ्या निघतात; बिडाच्या आखूड आणि लालसर. बीड तापवून ठोकलं की त्याचा भुगा होतो. जस्ताचा मुलामा असेल तर भट्टीत घालण्याआधी पूर्ण काढा. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

गोळ्याच्या बाजूने पातं काढायचं, सपाट तोंड मागे माथा म्हणून ठेवायचं. हातोडा ऐरणीवर असा धरा की भोक आडवं राहील. भोक उभं ठेवून ठोकलंत तर कुऱ्हाडीऐवजी वाकस, म्हणजे दांड्याला आडव्या धारेचं हत्यार तयार होईल (हसू नका, होतं असं). गोळ्यामागची बारीक मान हा या मालाचा सगळ्यात मोठा दोष. गोळा चेपताना तिथली कड आत दुमडते, वरून दिसत नाही आणि पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करताना, नेमकी तिथेच चीर जाते. म्हणून ती खाच आधीच ग्राइंडरने उतरती करून घ्या.

एवढा जाड गोळा बाहेरून नारंगी दिसतो तेव्हा आतून लालच असतो. भाता मंद ठेवून आणखी थोडा वेळ द्या. मंद लाल रंगाच्या खाली घाव घालू नका, तडे जातात. आणि पोलादातूनच ठिणग्या उडू लागल्या तर तो भाग जळाला, कापून टाका. भोकाजवळ ठोकताना नरम लोखंडाचा निमुळता सुंबा आत हवाच, नाहीतर भोक चेपतं. चार-पाच घावांनी तो काढून पाण्यात बुडवा. तापला की अडकून बसतो. भोक थोडं रुंदही करावं लागतं, पण भिंती ५-६ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका.

धार पाणी देण्याआधी रुपयाच्या नाण्याइतकी जाड ठेवा. पातळ धार वाकते. तीनदा लाल करून हवेत निवू द्या. मग चुंबक धरेनासा झाल्यावर किंचित अधिक तापवून फक्त धारेकडचे २-३ सेंटिमीटर कोमट तेलात बुडवून हलवत राहा. थंड पाण्यात बुडवण्याचा मोह टाळा. कानस धारेवरून घसरली की पाणी बसलं. लगेच पॉलिश पेपरने घासून माथ्याकडून हलकी ऊब द्या. धारेपाशी गवती पिवळा, तपकिरी असे रंग सरकतील. जांभळट झाली की थांबवा. गवती रंगावरच थांबलात तर लाकडाच्या गाठीवर धारेचा तुकडा उडेल, निळ्याच्याही पुढे गेलात तर धार मुडपेल.

ट्रकच्या कमानीचा पाटा याहून स्वस्त आणि पोलादही चांगलं. पण तो दुमडून भोक करायचं तर टोकं तापवून जोडावी लागतात, आणि सिलिकॉनवाला पाटा टाकणखार (जोड धरायला टाकायची पूड) घालूनही सहज जुळत नाही. पहिल्या खेपेला तो नकोच.

हातोड्याच्या कुऱ्हाडीने ढलप्या, काटक्या, बारीक फांद्या निघतात. बाभळीचा ओंडका फोडायला वजन पुरत नाही.