डीएनए काढायचाय: केळं घेऊ की कांदा?

भाचीला शाळेच्या प्रदर्शनात डीएनए दाखवायचाय. "मामा, केळं की कांदा?" म्हणून सकाळपासून डोकं खातेय. खर्चाचं सोडा, दोन्ही घरातच आहेत.

मेहनतीत केळं सरस. पिशवीत घालून हातानं कुस्करलं की झालं. कांदा चिरा, रडा, मिक्सरला जेमतेम दहा सेकंद फिरवा. जास्त फिरवलात तर धागे तुटतात. पुढची कृती सारखीच: मीठ, भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब, पाणी, गाळा आणि ग्लासच्या कडेनं फ्रीजरमधलं थंडगार स्पिरिट हळूच सोडा. लिक्विड पेशीचं स्निग्ध आवरण फोडतं, स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही, म्हणून दोन थरांच्या सीमेवर पांढरी जाळी तरंगते. काडीला गुंडाळता येते.

केळ्याची गोम इथेच आहे. त्यातलं पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) हेही स्पिरिटमध्ये असंच पांढरं, बुळबुळीत दिसतं, त्यामुळे दिसतं ते सगळं डीएनए नसतं. कांद्यात गुणसूत्रं फक्त 16, पण त्यांच्या एका संचात साधारण 16 अब्ज बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या. माणसाच्या सुमारे पाचपट!

पाचवी-सहावीच्या पोरांना गंमत दाखवायची तर केळं. परीक्षक खोदून विचारणारे असतील तर कांदाच. भाचीनं केळं निवडलं. उरलेल्याचं शिकरण होतं म्हणे.