जिम रीव्हजची ‘ओरिजिनल’ एलपी: फसगत नेमकी कुठे होते

अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्हजच्या जुन्या एलपीची (लाँग प्ले रेकॉर्डची) जाहिरात साधारण अशी असते: ‘ही’ल हॅव टु गो’, 1960, अमेरिकन फर्स्ट प्रेस (पहिली आवृत्ती), स्टिरिओ. फोटो फक्त कव्हरच्या पुढच्या बाजूचा. पैसे पाठवल्यावर पार्सल येते. कव्हर खरोखर 1960 चे, पण आतून निघते नारिंगी लेबलची पातळ, हातात वाकणारी रेकॉर्ड. त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, आरसीए व्हिक्टरने, नारिंगी लेबल आणले 1968 च्या अखेरीस. जिम रीव्हज 31 जुलै 1964 ला नॅशव्हिलजवळ विमान अपघातात गेला, म्हणजे ही प्रत त्यानंतर चार वर्षांनी तरी निघालेली. ती वाजते चांगली; पण पहिल्या आवृत्तीचे पैसे मोजून घ्यायची ती वस्तू नव्हे. तक्रार केली की उत्तर ठरलेले: ‘‘कव्हर बघा ना, ओरिजिनलच आहे.’’

म्हणून कव्हरवर विसंबू नका, लेबल मागा. 1960 ची स्टिरिओ प्रत असेल तर काळे लेबल, वर भोंग्यासमोरचा कुत्रा आणि खाली ‘लिव्हिंग स्टिरिओ’. मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) असेल तर खाली ‘लाँग प्ले’. रेकॉर्डच्या क्रमांकाआधी एलपीएम म्हणजे मोनो, एलएसपी म्हणजे स्टिरिओ. कव्हरवर एक आणि लेबलवर दुसरे असेल तर दोन वेगळ्या प्रतींची जोडी लावलेली आहे. मग लेबलच्या बाहेरची, खाचा संपल्यानंतरची गुळगुळीत पट्टी बघा. तिच्यावर कोरलेल्या क्रमांकाचे पहिले अक्षर वर्ष सांगते: 1960 ला एल, 1963 ला पी, 1964 ला आर. मात्र हे वर्ष मूळ क्रमांक दिल्याचे. पुढच्या छपाईतही तोच क्रमांक राहतो, त्यामुळे नुसत्या अक्षराचा फोटो दाखवून कोणी ‘1960 ची’ म्हणत असेल तर ते पुरेसे नाही. लेबल आणि क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. हा कोरीव क्रमांक समोरून उजेड टाकला तर फोटोत दिसत नाही; टॉर्च आडवा धरून फोटो काढायला सांगा.

स्टिरिओचा घोळ वेगळाच. ‘मेक्सिकन जो’ हे रीव्हजचे पहिले मोठे गाणे, 1953 चे, ॲबट या छोट्या कंपनीसाठी गायलेले. ते मुळातच मोनो. त्याची ‘स्टिरिओ’ प्रत म्हणजे एकाच आवाजाचे दोन तुकडे: खर्ज एका स्पीकरला, वरचे सूर दुसऱ्याला, वर थोडा प्रतिध्वनी. आरसीएने अशा बऱ्याच रेकॉर्डवर क्रमांकापुढे कंसात लहान इंग्रजी ‘इ’ (e) छापला आहे. जाहिरातीत तेवढाच गाळतात. घरी पारखायचे तर बॅलन्सचे बटण पूर्ण एका बाजूला फिरवा. खऱ्या स्टिरिओत एका बाजूची वाद्ये गायब होतात. या बनावट स्टिरिओत सगळी वाद्ये राहतात, फक्त आवाज घुमणारा किंवा पत्र्यासारखा होतो.

सर्वांत जास्त चटका लावणारी फसगत मात्र ‘दुर्मीळ युगुलगीतां’ची. जिम रीव्हज आणि गायिका पॅट्सी क्लाइन यांनी एकत्र कधीच गायले नाही. तो आरसीएचा आणि ती डेक्का या दुसऱ्या कंपनीची. ती मार्च 1963 मध्येच गेली. तीन ट्रॅकच्या टेपवर गायकाचा आवाज स्वतंत्र असे, म्हणून दोघांचे आवाज सुटे करून, मागे नवी वाद्ये भरून 1981 मध्ये ती गाणी तयार केली. गायिका डेबोरा ॲलनबरोबरची गाणी 1979 ची. रीव्हज गेला तेव्हा ती लहान मुलगी होती. कंपनीने हे लपवले नव्हते. ‘1962 चे रेकॉर्डिंग’ ही थाप पुढच्या विक्रेत्यांची. ‘डिस्टंट ड्रम्स’ही असेच: गीतकार सिंडी वॉकरसाठी केलेल्या साध्या रेकॉर्डिंगवर रीव्हजच्या मृत्यूनंतर वाद्यवृंद चढवला, आणि 1966 मध्ये ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाणे सुरेखच आहे, पण त्यातला वाद्यमेळ त्याने स्वतः कधी ऐकला नाही. 1964 नंतरच्या ‘नव्या’ एलपी घेताना हे मनाशी धरा.

गोव्यात आणि वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत त्याची नाताळची एलपी अजून निघते. आपल्याकडच्या बऱ्याच प्रती ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या. त्या जपण्यासारख्या आहेत, पण अमेरिकन म्हणून विकल्या जातात. लेबलच्या कडेने बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’ असते. फोटोत नेमकी तीच कड कापलेली दिसली की पूर्ण लेबलचा फोटो आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विक्रेत्याकडून वर्ष, देश, मोनो की स्टिरिओ हे लेखी मेसेजमध्ये घ्या, दोन्ही लेबलांचे फोटो आल्यावरच पैसे द्या, आणि पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. पैसे घेऊन समोरचा गायब झाला तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणे अवघड.