देवबागच्या फिशिंग ट्रिपच्या नावाखाली ४०,२२० रुपये गेले

आधी आकडे सांगतो, म्हणजे कोणी किरकोळीत काढणार नाही. बुकिंगचे ११,५००, परवान्याच्या नावाखाली ४,७२०, रॉड-रीलचं डिपॉझिट १८,००० आणि वाटेत कोल्हापूरला गाडी थांबवून पाठवलेले ६,०००. एकूण ४०,२२०. त्यातले निम्मे माझ्या भाच्याचे. पोराला नोकरी लागून चारच महिने झाले होते.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पंधरा-सोळा वर्षं गळ टाकतोय, त्यातली शेवटची पाच फ्लाय रॉडने, म्हणजे खऱ्या आमिषाऐवजी केसा-दोऱ्यांनी बांधलेली नकली माशी, 'फ्लाय', टाकून. नवखा नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, "तुला कळलं कसं नाही?" कळलं होतं. तेच तर दुखणं आहे.

डिसेंबरात कोकणातल्या खाड्यांचं पाणी निवळतं. पावसाळ्यातला गाळ खाली बसतो आणि फ्लायला तेच लागतं, कारण फ्लायला वास नसतो, माशाला ती दिसली तरच तो येणार. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो पाठीवर घेऊन समुद्राकडे फ्लाय फेकता येते. दुपारी खारा वारा तोंडावर आला की संपलं. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला लाटा. खाडीत जिताडा, तांबोशी, वाळूवर रावस. दोन वर्षं डोक्यात हेच होतं.

सोशल मीडियावर तिथल्या एका फिशिंग गाइडचं खातं सापडलं. तीन दिवस, दोन माणसं, होडी, गाइड, राहणं-जेवण. तारखा २८, २९ आणि ३० डिसेंबर २०२४. बोलणं एकदम माहितगार. माझा रॉड सहा नंबरचा (नंबर मोठा तेवढी दोरी जड), दारणा नदीच्या काठावर ठीक, पण लाटांवर आणि वाऱ्यात त्याचा निभाव लागत नाही. फ्लायला स्वतःचं फारसं वजन नसतं, लाइनच्या म्हणजे दोरीच्या वजनावर ती जाते, त्यामुळे तिथे नऊ नंबर हवाच. हे त्याने आपणहून सांगितलं. म्हटलं, माणूस जाणता आहे. दोन सेट, प्रत्येकी ९,००० डिपॉझिट, "परत मिळणार". खारं पाणी लागून रील खराब झालं तर कोण भरणार, हे मलाही पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

आता ती गोष्ट. १८ डिसेंबरच्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर फ्लाय बांधत होतो. क्लाउझर नावाचा प्रकार. हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, वर हिरवे, डोळ्यांच्या जागी धातूचे मणी, म्हणजे फ्लाय डोक्यावर बुडते आणि गळाचं टोक वर राहून वाळूत अडकत नाही. चौदा बांधल्या. बांधता बांधता त्याचा मेसेज आला, "सर, ३० तारखेला सकाळी ६ ला फुल भरती. जिताडा खारफुटीत शिरलेला असेल. तयार राहा."

माझ्या मावशीचं सासर हर्णैचं. लहानपणी मे महिन्यात तिथे गेलो की काका पुळणीवर बसून हिशोब शिकवायचे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण पाच तास चुकत नाही. आणि ३० डिसेंबरला सोमवती अमावस्या होती. कॅलेंडर समोर भिंतीवर. काळा गोल माझ्या डोळ्यांना दिसत होता.

अमावस्येला सकाळी सहाला भरती? त्या वेळी तर पाणी उतरून तळाशी गेलेलं असतं. खऱ्या माणसाने सांगितलं असतं, पाचला ओहोटी संपते, मग पाणी चढताना सहापासून टाका. ज्याची होडी त्या खाडीत आहे, तो भरतीची वेळ झोपेतही चुकणार नाही. मी हातातला दोरा धरून दोन मिनिटं थांबलो. मग स्वतःलाच समजावलं, की मालवणला वेळ वेगळी असेल, काकांचा हिशोब जुना. त्याला एक साधा प्रश्न विचारला नाही. कारण तोपर्यंत १६,२२० गेले होते आणि मला ती ट्रिप हवी होती. दुसऱ्याच दिवशी १८,००० पाठवले.

परवान्याच्या पावतीकडेही तेव्हा नीट बघितलं नव्हतं. ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. त्याच्या पावतीवर २९, म्हणजे कर्नाटक. हे दोन आकडे बघायला दोन सेकंद लागतात. बघत जा.

शुक्रवारी २७ ला रात्री निघालो. पहाटे कोल्हापूरला चहाला थांबलो, तर याचा फोन. होडीवाला अडून बसलाय, डिझेलचे ६,००० आत्ता द्या, नाहीतर तो दुसरी पार्टी घेतोय. भाचा म्हणाला, "मामा, तिथे पोचून देऊ." मी ऐकलं नाही. गाडी अर्ध्याहून जास्त रस्ता आलेली असताना पैसे मागितले, की समजा तुम्ही त्याच्या तावडीत आहात. यूपीआयवर नाव तिसऱ्याच कुठल्या ट्रेडर्सचं आलं, तेही मी वाचलं आणि पिन टाकला.

अकराला त्याचा फोन बंद. देवबागला त्याने सांगितलेल्या होमस्टेवर गेलो, तर तिथल्या काकू म्हणाल्या, "ह्या नावाचो माणूस आमच्याकडे नाय." अशीच पुण्याची चार पोरं नोव्हेंबरात येऊन गेली होती. त्या माउलीने आम्हाला जेवायला घातलं, त्या दिवशीचे पैसे घ्यायला तयार नव्हत्या. बुकिंग करताना होमस्टेचा नंबर गाइडकडून घेऊ नका, स्वतः शोधा आणि फोन करा. मी तो एक फोन केला असता तर आज हे लिहीत नसतो.

मुद्दाम सोमवारी सकाळी सहाला खाडीवर गेलो. वाळूचे पट्टे उघडे पडले होते, एक होडी कुशीवर कललेली. पाणी पार आत गेलेलं. काकांचा हिशोब बरोबर होता. भाचा शेजारी उभा होता, एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी शनिवारी रात्री नऊला फोन केला. दहा तास त्या चोराचाच नंबर लावण्यात घालवले. असं करू नका, पहिला फोन १९३० ला. तिथे तक्रार लगेच नोंदली, नंबर आला. पण त्यानंतर जे सुरू झालं ते फसवणुकीपेक्षा वाईट. २८ ला चौथा शनिवार, बँक बंद, २९ ला रविवार. सोमवारी शाखेत फोन केला, तर उत्तर, "व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय." नाशिकला परतल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर बसवलं, मग म्हणाले, घटना तिकडे घडली, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात फोन केला, ते म्हणाले, पैसे नाशिकहून गेलेत, तिथेच द्या. सहाशे किलोमीटर गाडी चालवून कोणी ४०,२२० ची तक्रार द्यायला जाईल का?

गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलंय. प्रिंट काढून नेली. हवालदारांनी ती वाचलीही नाही. साहेब बंदोबस्तात. साहेब मीटिंगमध्ये. साहेब रजेवर. पाच खेपा, तीन अर्ध्या रजा. एक जण मला म्हणाला, "मासे मारायला एवढे पैसे कशाला घालवता?" माझे पैसे मी कशावर घालवायचे ते मी बघीन, चोर पकडायचं काम तुमचं. पोच मागितल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्याच. माझ्या पहिल्या दोन खेपा कागदावर कुठेच नाहीत.

पैसे पुढे ज्या खात्यात गेले, तिथे १,३४० रुपये होल्ड झालेत, म्हणजे अडवून ठेवलेत. बाकी सगळे त्याच दिवशी काढले गेले. ते १,३४० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. भाच्याला त्याचे २०,११० मी माझ्या पगारातून दिले. त्याला नको होते, तरी दिले.

आणि तो अजून धंदा करतोय. मागच्या आठवड्यात नवीन नावाचं खातं दिसलं, फोटो तोच. राखाडी गोट्यांचा किनारा, छातीपर्यंतचे वेडर्स (पाण्यात उभं राहायचा जलरोधक पोशाख) आणि लोकरीची टोपी घातलेला माणूस, हातात कुशीवर गुलाबी पट्टा असलेला मासा. तो स्टीलहेड आहे, अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांतला, कर्लीच्या खाडीत तो नसतो. खाली लिहिलंय, "देवबाग, मोजक्याच जागा शिल्लक." हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाका. मी टाकलाय. एकट्याच्या तक्रारीने काही हलत नाही, हे पाच खेपांत बघून आलोय.